सद्गुण आणि सुज्ञ स्वहित : भंडाऱ्याच्या तलावांचा धडा

स्वतःचे हित पाहणे हे पाप आहे काय, असा प्रश्न भाविक पुष्कळदा विचारतात. ख्रिस्तसभेची शिकवण तसे मानत नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा देताना प्रभू येशूने स्वतःवरील योग्य प्रीती गृहीतच धरली आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायातील अप्रामाणिक कारभाऱ्याच्या दाखल्यातही प्रशंसा होते ती लबाडीची नव्हे, तर पुढचा काळ ओळखून वागण्याची.

सद्गुण म्हणजे काय?

सद्गुण म्हणजे सत्कृत्य करण्याची मनाची स्थिर व दृढ वृत्ती. सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम हे चार मुख्य नैतिक सद्गुण होत. जुन्या करारातील ज्ञानग्रंथाच्या ८ व्या अध्यायात त्यांचा एकत्र उल्लेख आहे. संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी ॲरिस्टॉटलच्या विचारांचा आधार घेऊन सुज्ञतेला कृतीतील योग्य विवेक मानले. उरलेल्या तीन सद्गुणांना तीच वाट दाखविते. धूर्तपणा मात्र सुज्ञता नव्हे. धूर्त मनुष्य केवळ आपले काम साधतो. सुज्ञ मनुष्य साध्य आणि साधन दोन्ही चांगली आहेत की नाहीत हे पाहतो.

तलावाचे उदाहरण

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील जुने तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’ म्हणतात. पावसाने दडी मारली की धानाच्या बांध्या याच पाण्यावर तगतात. ढिवर बांधवांची मासेमारीही त्यावरच चालते.

समजा, तलावाजवळच्या शेतकऱ्याने रात्री पाणी फोडून आपल्या बांध्या भरून घेतल्या. त्या दिवसापुरता त्याचा लाभ झाला. पण शेवटच्या बांधीतील धान करपले. पुढच्या वर्षी तो शेवटचा शेतकरी पाळीच्या दुरुस्तीला का येईल? पाळ खचली, गाळ साचला, तर पहिल्याचेही शेत कोरडे राहील. म्हणून पाळीने पाणी घेण्यात संयम आहे, न्याय आहे आणि स्वहितही आहे.

मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली व तलाव शासनाकडे गेले. पुढे अनेक तलाव गाळाने भरले, काहींच्या पोटात अतिक्रमण झाले. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, ही वृत्ती बळावली की असे घडते. उलट, लोक आपसांत नियम करून सामाईक संपत्ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील उदाहरणांतून दाखविले. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिशेब जेथे थांबतो

तथापि केवळ हिशेब पुरेसा नाही. शेवटची बांधी एखाद्या वृद्ध विधवेची असेल आणि ती श्रमदान करू शकत नसेल, तर तिला पाणी देण्यात आपला कोणता लाभ? शेतकऱ्याला तलावातील शेवटचे पाणी हवे असते, परंतु ते संपले की ढिवरांची मासळीही संपते. येथे लाभाचे गणित उत्तर देत नाही. ज्याचे त्याला देण्याची वृत्ती म्हणजे न्याय. तो परतफेडीवर अवलंबून नसतो. गावाचा रोष पत्करून दुर्बलाच्या बाजूने बोलायला धैर्य लागते. आणि ख्रिस्ती प्रीती तर परतफेड करू न शकणाऱ्यालाच प्रथम मेजवानीला बोलाविते (लूक १४).

दैनंदिन आत्मपरीक्षण

बाजारात माप घालताना, मजुरी देताना, बचत गटाचा हप्ता भरताना आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : हा लाभ उद्याही लाभच ठरेल काय? यात कोणाचा वाटा बुडतो काय? आणि मी शेवटच्या बांधीचा मालक असतो, तर हीच कृती मला योग्य वाटली असती काय?

या तिन्ही प्रश्नांना प्रामाणिक उत्तर देता आले, तर आपले हित पाहण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.