बत्तीसांतला एक

पुण्याला माझी मावसबहीण असते. तिच्याकडे गेलो की सकाळी पिशवी घेऊन मंडईत जायचे काम माझ्याकडे येते, आणि मीही ते खुशीने करतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लहानाचा मोठा झालेला माणूस मी. कुठल्याही गावात गेलो तरी देवळाआधी बाजार बघतो. पुण्याच्या मंडईची ती आठ बाजूंची इमारत आणि मधला मनोरा पाहिला की भाजी घ्यायचे विसरून मी वरच बघत राहतो. एकदा एका भाजीवाल्या मावशींनी सुनावलेसुद्धा, "काका, भाजी खाली आहे."

या मंडईला महात्मा फुल्यांचे नाव आहे. गंमत अशी की ही इमारत बांधायला ज्यांनी विरोध केला, त्यांत फुले होते.

जोतीराव फुले म्हटले की आपल्याला आठवते ती १८४८ सालची मुलींची शाळा, १८७३ चा सत्यशोधक समाज, फार तर 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड'. बीएला इतिहास घेऊनही मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते, की हा माणूस १८७६ पासून पुढची सहाएक वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचा सभासद होता. आजच्या भाषेत नगरसेवक, तेव्हाच्या भाषेत म्युनिसिपल कमिशनर. मी सरकारी कारकून. सभा, ठराव, इतिवृत्ते यांतच हयात गेली. त्यामुळे फुल्यांच्या आयुष्यातला हा कोपरा मला इतरांपेक्षा जरा जास्तच ओढतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या वेळी हे सभासद लोकांनी निवडलेले नसत, सरकार त्यांना नेमत असे. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला तो १८८२ च्या मे महिन्यात. म्हणजे फुल्यांच्या मागे मतदार नव्हते, वॉर्ड नव्हता. ज्या सरकारने खुर्ची दिली ते ती काढूनही घेऊ शकत होते. शिवाय फुले व्यवसायाने कंत्राटदार. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवल्याचे त्यांच्या चरित्रांतून येते. ज्याचा धंदा सरकारी कामांवर चालतो तो सभेत कसा बसतो, हे मी रोज बघतो. मान डोलावत बसतो.

फुले कसे बसत, ते पाहू.

जुलै १८८० मध्ये त्यांनी म्युनिसिपालिटीला दारूच्या दुकानांबद्दल पत्र लिहिले. (गोव्याच्या माणसाने दारूच्या दुकानांवर लिहावे म्हणजे जरा अवघडच आहे, पण असो.) शहराच्या भर वस्तीत दारूचे दुकान उघडले होते आणि त्यापायी संसार बुडत होते. पत्र नीतीच्या उपदेशावर थांबत नाही, हे मला विशेष वाटते. म्युनिसिपालिटी लोकांच्या आरोग्यासाठी पैसे खर्च करते आणि ही दुकाने तेच आरोग्य बिघडवतात, तर मग या दुकानांवर कर का बसवू नये, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे विषय त्यांनी थेट जमाखर्चाच्या वहीत आणून ठेवला. सभागृहात भाषणे सगळेच करतात. विषय वहीत आणणारा सभासद क्वचित भेटतो, आणि तो कारकुनाला बरोबर ओळखू येतो.

पण खरी कसोटी लागली ती लॉर्ड लिटनच्या स्वागताच्या वेळी.

लिटन १८७६ ते १८८० हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. त्याच्या कारकिर्दीची सुरुवातच दुष्काळाने झाली. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ दख्खनला आणि दक्षिणेला फार भयंकर गेला. त्याच धामधुमीत, १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. इकडे पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक मंडळी दुष्काळातल्या उपाशी पोरांसाठी अन्नछत्र चालवत होती, आणि त्याच्या मदतीसाठी १८७७ च्या मे महिन्यात फुल्यांनी आवाहनही काढले होते. त्या अन्नछत्राचे नाव व्हिक्टोरिया बालाश्रम. दिल्लीत त्या नावाने दरबार, धनकवडीत त्याच नावाने भाकरी. फुल्यांनी हे नाव कोणत्या मनाने ठेवले असेल यावर मी पुष्कळ विचार केला आहे. इंग्रजी राज्याबद्दल त्यांना आस्था होती, हे तर खरेच. ती लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते.

लिटनसाहेब पुण्यात येणार म्हणून म्युनिसिपालिटीने त्यांच्या स्वागतासाठी १००० रुपये खर्च करायचे ठरवले. फुल्यांचे म्हणणे, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. मत घेतले गेले. सभासद ३२. ठरावाच्या विरुद्ध मत एकच.

ठराव अर्थातच मंजूर झाला. १००० रुपये खर्च झाले. त्या दिवशी फुल्यांनी काय मिळवले, असे कोणी विचारले तर पदरात काहीच पडले नाही, असेच म्हणावे लागेल. पण आज दीडशे वर्षांनी आपण त्या सभेबद्दल बोलतो ते एका मताच्या नोंदीमुळे. बाकी ३१ जणांपैकी एकाचेही नाव मला सांगता येणार नाही.

इथे माझी एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका पालिकेत कामाला होतो. कुठल्या ते विचारू नका. एका पाहुण्याच्या सत्काराचा विषय सभेपुढे आला. मंडप, शाली, फुले, जेवण. एक नगरसेविका उठली. बाजारात बसणाऱ्या बायकांकडून आपण रोज सोपो वसूल करतो, आणि त्यांच्यासाठी धड शौचालय नाही, ते आधी बांधा, म्हणाली. कोणी लक्ष दिले नाही. खाली बसताना तिने माझ्याकडे बघून सांगितले, "म्हजो विरोध बरयात." माझा विरोध लिहून घ्या. मी कच्च्या टिपणात लिहिला. संध्याकाळी वरून सूचना आली, एका मतासाठी कशाला, सर्वानुमते लिहून टाक. मी लिहून टाकले. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम झाले, आणि त्या दिवशी ती बाई आजारी होती. नेमकी.

फुल्यांच्या त्या सभेत कारकून कोण होता, कोणास ठाऊक. पण त्याने त्या दिवशी माझ्यासारखे केले नाही.

पुढे १८८२ साली हंटर कमिशन आले. शिक्षणाची चौकशी करणारे हे कमिशन. फुल्यांनी त्यापुढे जे निवेदन दिले त्यावर तारीख आहे १९ ऑक्टोबर १८८२, आणि सहीखाली स्वतःची ओळख दिली आहे ती अशी: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. ना समाजसुधारक, ना ग्रंथकार. मुलींच्या शाळेचे संस्थापक असेही तिथे नाही. साहेबापुढे जाताना त्यांनी आपले हेच तीन हुद्दे पुढे केले.

निवेदनात पुष्कळ आहे. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, शिकलेल्या मास्तरांना बारा रुपयांहून कमी पगार देऊ नका, महार-मांगांच्या मुलांना इतर शाळांत बसू देत नाहीत म्हणून जिथे त्यांची वस्ती मोठी आहे तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा. मास्तर शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारे. हे सगळे आता बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. माझी नजर अडकली ती दुसऱ्याच एका वाक्यावर. मोठ्या शहरांत प्राथमिक शाळांचा सगळा खर्च म्युनिसिपालिट्यांनी द्यावा, असे ते म्हणतात. पण लगेच पुढे, शाळांचा कारभार मात्र कोणत्याही परिस्थितीत सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी.

म्युनिसिपालिटीत सहा वर्षे बसलेला माणूस हे लिहितो आहे, स्वतःच्या सहीखाली म्युनिसिपल कमिशनर असे घालून. पैसा आमच्याकडून घ्या, पण किल्ल्या आमच्याकडे ठेवू नका! आपल्या संस्थेबद्दल इतके रोखठोक लिहिणारा सभासद मी अजून पाहिलेला नाही. ३१ विरुद्ध १ चा अनुभव या वाक्यामागे असेल का? माझ्या मते असावा. ज्या सभेला पाहुण्याचा मान शाळेपेक्षा मोठा वाटतो, तिच्या हाती शाळा सोपवायला त्यांचे मन धजले नसणार.

आता मंडईकडे वळू. तोवर पुण्यातला भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. त्यासाठी मोठी इमारत बांधायचे ठरले तेव्हा फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला. मुद्दा जुनाच, हा पैसा शिक्षणाला द्या. इथे मात्र मी थोडा फुल्यांच्या विरुद्ध आहे. पावसाळ्यात उघड्यावर ओली भाजी मांडून बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, डोक्यावर छप्पर म्हणजे काय ते त्यांना विचारा. पण मग 'शेतकऱ्याचा असूड' उघडावा. शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला म्युनिसिपालिटीची जकात कशी नडते, त्याची तक्रार तिथे आहे. छप्पर ज्याच्या जकातीवर उभे राहते, त्याच्या पोराला शाळा नाही. असा हिशेब मांडला की माझा विरोध निम्मा उरतो. निम्मा, पूर्ण जात नाही.

इमारत उभी राहिली. १८८६ साली ती सुरू झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. फुले १८९० साली, २८ नोव्हेंबरला वारले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ती रे मार्केटच होती. मग आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने तिचे नाव महात्मा फुले मंडई झाले. अत्रे म्हणजे फुल्यांचे भक्तच. १९५४ साली त्यांनी फुल्यांवर चित्रपटही काढला. मंडईला फुल्यांनी विरोध केला होता हे त्यांना माहीत नसेल, असे मला वाटत नाही. माहीत असूनच त्यांनी ते नाव दिले असेल तर त्यातला खट्याळपणा खास अत्र्यांचाच.

मंडईपाशी लोकमान्य टिळकांचा पुतळाही आहे, १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसवलेला. टिळकसुद्धा एकेकाळी याच म्युनिसिपालिटीत होते. नाव फुल्यांचे, पुतळा टिळकांचा. पुणेकरांना यात वावगे असे काही वाटत नाही. बहिणीला हे सगळे सांगितले तर म्हणाली, "ते राहू दे दादा, मेथी आणलीस का?"

मेथी राहून गेली होती.