लाँगहॉर्नची बखर

इतिहासाच्या विद्यार्थ्याला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपण आरंभीच शिकवतो. बखर बहुधा घटनेनंतर, ऐकीव माहितीवर लिहिलेली असते. कागद त्या त्या दिवसाचा असतो, म्हणून तो अधिक विश्वासार्ह. परंतु कागद अस्सल असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकतो, असेही घडते. याचे अलीकडच्या काळातील बोलके उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘लाँगहॉर्न’ या संगणक-प्रणालीची हकीकत.

‘विंडोज एक्सपी’ २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तयार होत असताना तिचे सांकेतिक नाव होते ‘व्हिस्लर’, आणि पुढे येणाऱ्या मोठ्या प्रणालीचे ‘ब्लॅककोम’. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेले हे दोन पर्वत. त्यांच्या पायथ्याशी असलेल्या एका मद्यालयाचे नाव लाँगहॉर्न. दोन मोठ्या प्रणालींच्या मधली ही एक लहानशी आवृत्ती २००३ च्या सुमारास यावी, असा मूळ बेत होता.

अशी प्रणाली एकदम तयार होत नाही. अनेकांनी लिहिलेल्या आज्ञावल्या वेळोवेळी एकत्र करून त्यांची चालू शकेल अशी प्रत बनवतात. तिला ‘बिल्ड’ म्हणतात व प्रत्येक बिल्डला क्रमांक असतो. छापखान्यातील कच्च्या प्रुफासारखाच हा प्रकार. या प्रती कंपनीबाहेरच्या निवडक परीक्षकांकडे आणि यंत्रे बनवणाऱ्यांकडेही जातात, आणि मग कधीतरी फुटतात. लाँगहॉर्नचा ३६८३ क्रमांकाचा बिल्ड नोव्हेंबर २००२ मध्ये इंटरनेटवर आला. २००३ मध्ये ४००८, ४०१५, ४०२९ असे आणखी काही आले.

जगभरच्या हौशी मंडळींनी ते आपापल्या यंत्रांवर चढवून पाहिले. पडद्याच्या उजव्या कडेला घड्याळ असलेली एक उभी पट्टी दिसली, आणि तिच्यावरून तर्कांचे मजल्यावर मजले चढले. प्रणाली केव्हा येणार, पडदा कसा दिसणार, जुने संगणक चालणार की मोडीत काढावे लागणार, यावर वाद झाले. बनावट चित्रेही फिरली.

ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिस येथील परिषदेत कंपनीनेच ४०५१ हा बिल्ड प्रोग्रामरांच्या हाती ठेवला. पडद्यावरील चित्रणासाठी ‘ॲव्हलॉन’, संगणकांमधील दळणवळणासाठी ‘इंडिगो’ आणि माहितीच्या साठवणीसाठी ‘विनएफएस’ अशी तिची अंगे जाहीर झाली. विनएफएसची कल्पना मोठी आकर्षक होती. पत्रे, छायाचित्रे, माणसांचे पत्ते हे सारे नुसते फोल्डरांत न ठेवता परस्परसंबंधांवरून शोधता यावे, असा तिचा हेतू. तर्क करणाऱ्यांना वाटले, आपले म्हणणे खरे ठरले.

प्रत्यक्षात निराळेच घडत होते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ या विषाणूने एक्सपीचे दुबळेपण उघडे पाडले आणि कंपनीला बरीच माणसे तिच्या दुरुस्तीकडे वळवावी लागली. ती दुरुस्ती ‘सर्व्हिस पॅक २’ या नावाने ऑगस्ट २००४ मध्ये निघाली. दरम्यान लाँगहॉर्नचा गुंता वाढत गेला. हे काम या रीतीने जमणार नाही, असे जिम ऑलचिन यांनी जुलै २००४ मध्ये बिल गेट्स यांना सांगितल्याचे पुढे सप्टेंबर २००५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापले. २७ ऑगस्ट २००४ रोजी विनएफएस वगळल्याचे जाहीर झाले. ‘सर्व्हर २००३’च्या पायावर बांधकाम जवळजवळ नव्याने सुरू झाले. जुलै २००५ मध्ये तिला ‘व्हिस्टा’ हे नाव मिळाले आणि ३० जानेवारी २००७ रोजी ती सर्वसामान्यांच्या हाती आली. एक्सपीनंतर पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

फुटलेले बिल्ड खोटे नव्हते. ते संथ चालत, यंत्राची स्मृती अफाट खात. पण ‘अजून कच्चे आहे’ असे म्हणून त्याकडे काणाडोळा करणे सोपे होते. त्या दिवशी कारागीर काय करू पाहत होते, एवढेच तो कागद सांगत होता. वाचणाऱ्यांनी त्याला करारनामा मानले.

याउलट उदाहरण २०२१ चे. ‘विंडोज ११’चा बिल्ड २१९९६ जूनच्या मध्यास फुटला. २४ जूनला अधिकृत घोषणा झाली आणि ५ ऑक्टोबरला प्रणाली बाहेर पडली. या वेळी फुटलेल्या प्रतीत जे दिसले, तेच बव्हंशी हाती आले, कारण काम संपत आले होते. तेव्हा मसुदा अस्सल आहे का, एवढे विचारून भागत नाही. तो कोणत्या टप्प्यावरचा आहे आणि पुढे कोणाला तो बदलण्याचा अधिकार आहे, हेही विचारावे लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांशी संबंधित आहे. ‘विंडोज २०००’मध्ये हिंदी, मराठी, कोकणी यांची सोय झाली होती. एक्सपीत कानडी, तेलुगू, गुजरातीची भर पडली. बेळगाव, हैदराबाद, बडोदे येथील दोन भाषांत वावरणाऱ्या कुटुंबांना या गोष्टीचे महत्त्व सांगायला नको. मात्र एक्सपीत जोडाक्षरे नीट दिसावीत म्हणून ती सोय वेगळी निवडून चालू करावी लागे, त्यासाठी पुष्कळदा मूळ सीडी शोधावी लागे. व्हिस्टात ती मुळातच चालू होती. पारदर्शक चौकटींचा बोलबाला झाला तसा हिचा झाला नाही. विनएफएस तर २००६ मध्ये स्वतंत्र उत्पादन म्हणूनही गुंडाळले गेले. नातवाचे मराठी पत्र आणि सुनेच्या माहेरचे कानडी पत्र एकाच पडद्यावर, कोणतीही खटपट न करता वाचता येऊ लागले, हा बदल मात्र टिकला. लाँगहॉर्नची बखर लिहिणाऱ्याने ही नोंद जरूर करावी.