आधारचा खर्च: टेंभलीचा नंबर आणि संसदेतले प्रश्न

सारंगखेड्याचं नाव दत्तजयंतीच्या घोडेबाजारामुळे देशभर गेलं. याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीचं नाव गेलं ते एका बारा आकडी नंबरामुळे. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी टेंभलीत आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना देण्यात आला. हे आपल्या भागात शाळकरी पोरांनाही माहीत आहे. फारसं माहीत नाही ते पुढचं. या कामाला पैसा किती लागणार, हे संसदेने कधी विचारलं आणि त्या विचारण्याचं काय झालं?

आधी तारखांचा क्रम पाहा. विशिष्ट ओळख प्राधिकरण (यूआयडीएआय) जानेवारी २००९ मध्ये नियोजन आयोगाच्या अखत्यारीत, फक्त सरकारी अधिसूचनेने स्थापन झालं. टेंभलीत नंबर दिले गेले सप्टेंबर २०१० मध्ये. त्यासाठीचं विधेयक राज्यसभेत आलं ३ डिसेंबर २०१० रोजी. स्लॅब पडल्यावर ग्रामपंचायतीत बांधकाम परवानगीचा अर्ज द्यावा, तशातला हा प्रकार.

विधेयक संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीकडे गेलं. अध्यक्ष होते यशवंत सिन्हा. डिसेंबर २०११ मध्ये समितीने अहवाल दिला आणि विधेयक आहे त्या रूपात नाकारलं. त्यावेळी पहिल्या दोन टप्प्यांसाठी मंजूर रक्कम होती सुमारे ३१७० कोटी रुपये, आणि तिसऱ्या टप्प्याचा अंदाज होता आणखी ८८०० कोटींच्या आसपास. समितीचा आक्षेप नुसता रकमेवर नव्हता. एवढा पैसा ओतण्याआधी खर्च आणि फायद्याचा नीट अभ्यास झाला नाही, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र वगैरे जुन्या ओळखपत्रांच्या तुलनेत हा नंबर महाग की स्वस्त याचा हिशेबही नाही, असं समितीने नोंदवलं. शिवाय राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीसाठी (एनपीआर) गृहमंत्रालय त्याच लोकांचे बोटांचे ठसे वेगळे घेणार होतं. एकाच बोटासाठी दोनदा खर्च, असा सरळ मुद्दा होता. जानेवारी २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने दोन्ही यंत्रणांना लोकसंख्या वाटून दिली आणि काम पुढे चालू राहिलं. विधेयक मात्र तसंच पडून राहिलं.

समितीने ब्रिटनचाही दाखला पाहिला होता. तिथे २००६ मध्ये ओळखपत्र कायदा झाला तेव्हा त्यातच एक कलम होतं: पुढच्या दहा वर्षांत योजनेवर किती खर्च होईल याचा अहवाल सरकारने दर सहा महिन्यांनी पार्लमेंटपुढे ठेवायचा. ऑक्टोबर २००६ च्या पहिल्या अहवालात आकडा होता सुमारे ५४० कोटी पौंड. त्याच्या आदल्या वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी खर्च यापेक्षा कितीतरी जास्त जाईल असं सांगितलं होतं. दर सहा महिन्यांनी आकडा टेबलावर येत राहिला, वाद होत राहिला. २०१० मध्ये सरकार बदललं आणि कायदाच रद्द झाला. आपल्या आधार कायद्यात प्राधिकरणाचे वार्षिक हिशेब आणि अहवाल संसदेपुढे ठेवण्याची तरतूद आहे, पण पुढच्या दहा वर्षांचा असा अंदाज देण्याची सक्ती नाही.

हा कायदा झाला तो मार्च २०१६ मध्ये, आणि तोही धन विधेयक म्हणून. धन विधेयकावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते. त्या मानायच्या की नाही ते लोकसभा ठरवते. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्याच दिवशी पाचही फेटाळल्या. या वेळी विधेयक कुठल्याच समितीकडे गेलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. न्या. चंद्रचूड यांनी मात्र वेगळा निकाल लिहिला आणि धन विधेयकाची वाट धरणं ही घटनेची फसवणूक आहे असं म्हटलं.

मग खर्चाची खरी तपासणी कुणी केली? कॅगने, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी. त्यांचा प्राधिकरणाच्या कामावरचा अहवाल एप्रिल २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला, आणि माझ्या मते आपल्या घरांसाठी सगळ्यात कामाचा कागद तोच आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना ठसे न घेता, आईबापांच्या कागदांवर ‘बाल आधार’ दिले जातात. ठसेच नाहीत तर एका मुलाचे दोन नंबर झाले का हे कसं कळणार? यावर मार्च २०१९ पर्यंत ३१० कोटी रुपये गेले आणि हा खर्च टाळता आला असता, असं कॅगचं म्हणणं. नोव्हेंबर २०१९ पर्यंत पावणेपाच लाखांहून जास्त आधार दुबार म्हणून रद्द करावे लागले होते.

आता हे दोन मुद्दे शेजारीशेजारी ठेवून वाचा. बँका आणि मोबाईल कंपन्यांना ग्राहकाची आधारवरून खातरजमा करण्याची सेवा मार्च २०१९ पर्यंत फुकट मिळत होती. दुसरीकडे २०१८-१९ या वर्षात जे ३.०४ कोटी बायोमेट्रिक अपडेट झाले, त्यातले ७३ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतः पैसे भरून करून घेतले, कारण आधी घेतलेले ठसे नीट जुळत नव्हते. नोंदणीच्या वेळी ठसा खराब घेतला गेला, तर त्यात माणसाचा दोष काय? कॅगनेही हेच विचारलं आणि ही फी घेण्याचा फेरविचार करा असं सुचवलं.

ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजतात. ‘ठसा लागत नाही’ हे वाक्य रेशन दुकानात कुणी ऐकलं नसेल असं घर आपल्याकडे विरळाच. त्यात आपल्या नावांची वेगळी गंमत आहे. उर्दूत एकच ‘शेख’, इंग्रजीत त्याचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसतं ‘मो.’. शाळेत मुलांचं आधार दाखल्याशी जुळवायला बसलो की हे रोज दिसतं. संचमान्यतेत शिक्षकांची पदं ठरवताना आधार जुळलेलीच मुलं मोजण्याचा आग्रह सुरू झाल्यापासून एका अक्षराची किंमत वाढली आहे. ते अक्षर दुरुस्त करायचं तर एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी आणि केंद्राची फी, हे सगळं घरातूनच जातं. संसदेतल्या कुठल्याही आकड्यात हा खर्च धरलेला नसतो.

आधार आणि एनपीआरची गल्लत चहाच्या टपरीवर नेहमी होते, म्हणून एवढं सांगतो. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचे उतारे हे वेगळे जपून ठेवायला हवेत.

फी बद्दल: १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्त्याच्या दुरुस्तीला ७५ रुपये आणि बायोमेट्रिक अपडेटला १२५ रुपये ठरले आहेत. मुलांचे ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयातले सक्तीचे अपडेट मोफत आहेत. ७ ते १५ वयाच्या मुलांनाही एक वर्षासाठी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत, माफी दिलेली आहे. केंद्रावर यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. तक्रारीसाठी १९४७ हा नंबर आहे.