बागेतले, नावेतले, चांदण्यातले

पुणे शहराच्या उद्यानांतून अथवा खडकवासल्याच्या काठाने सुटीच्या दिवशी सकाळी फेरफटका मारणाऱ्याला अलीकडे एक दृश्य हमखास दिसते. सातवा-आठवा महिना लागलेली एखादी स्त्री, पायघोळ रंगीत झगा सावरीत, मोठ्या वृक्षाच्या बुंध्याशी उभी असते. नवरा अदबीने शेजारी, सासू अथवा आई पाण्याची बाटली व चपला हातात धरून काही पावलांवर, आणि छायाचित्रकाराचा मदतनीस चंदेरी पडदा तिरपा करून तिच्या चेहऱ्यावर उन्हाचा कवडसा पाडीत असतो. हा प्रकार पाहून वडीलधारी मंडळी नाके मुरडतात आणि ही पश्चिमेकडून आलेली साथ आहे असा निवाडा देऊन मोकळी होतात. या निवाड्यात थोडे तथ्य आहे. १९९१ साली अमेरिकेतील ‘व्हॅनिटी फेअर’ या मासिकाने ॲनी लीबोविट्झ यांनी टिपलेले डेमी मूर या गर्भवती अभिनेत्रीचे चित्र मुखपृष्ठावर छापले, त्यावर मोठे वादळ उठले, आणि गर्भावस्थेचे छायाचित्र ही उघडपणे मिरविण्याची गोष्ट आहे ही कल्पना तेथून जगभर पसरत गेली, हे खरेच आहे. परंतु गर्भिणीसाठी रम्य स्थळ निवडावे, तेथे तिला सजवून बसवावे आणि तो प्रसंग साजरा करावा, हा भाग मात्र आपण कोणाकडून उसना घेतलेला नाही. तो आपल्या डोहाळजेवणात फार पूर्वीपासून होता. त्याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

धर्मशास्त्राच्या दफ्तरात या विधीचे नाव सीमंतोन्नयन. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या संस्काराचा साक्षेपी परामर्श आहे. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे गर्भाच्या चौथ्या महिन्यात, शुक्लपक्षात, पतीने पत्नीच्या केसांचा भांग वर काढावयाचा. त्यासाठी कच्च्या फळांचा घोस, तीन ठिकाणी पांढरी असलेली साळिंदराची शलाका आणि कुशांच्या जुड्या वापरावयाच्या. इतका भाग कर्मकांडाचा. पुढे मात्र सूत्रकार दोन वीणावादकांना पाचारण करतो, त्यांना सोमराजाचे गान म्हणावयास सांगतो, आणि त्या गानात, ज्या नदीच्या तीरी ते कुटुंब राहत असेल त्या नदीचे नाव घ्यावे असे बजावतो. म्हणजे मुठेकाठच्या घरी हा संस्कार झाला तर मुठेचे नाव घ्यावयाचे, कृष्णाकाठी कृष्णेचे. गर्भवतीच्या सन्मानसोहळ्यात भोवतालच्या भूमीला आणि जलाला असे मानाचे पान दिलेले पाहून मला तरी त्या रुक्ष सूत्रकाराविषयी अपार आदर वाटतो. त्याच प्रकरणाच्या अखेरीस तो आणखी एक तजवीज करून ठेवतो : पती व मुले हयात असलेल्या वृद्ध स्त्रिया जे जे सांगतील ते ते करावे. या एका परवानगीच्या दारातून स्त्रियांचा आचार आत आला, आणि कालांतराने तोच मुख्य होऊन बसला; साळिंदराची शलाका पोथीत राहिली, ओटी व गाणी घरोघर राहिली.

गर्भवतीची इच्छा अपुरी ठेवू नये, ठेवल्यास गर्भाला बाधा पोहोचते, हे याज्ञवल्क्यस्मृतीने सांगितले आहे. आणि सुश्रुताने तर शारीरस्थानात कोणत्या डोहाळ्यांवरून कसे अपत्य होईल याची यादीच दिली आहे. त्या यादीत खाद्यपदार्थ आहेत, तलम वस्त्रे व अलंकार आहेत, तसेच दर्शनाच्या इच्छाही आहेत. राजाच्या दर्शनाची इच्छा झाल्यास पुत्र धनवान व भाग्यशाली, आश्रम पाहण्याची झाल्यास धर्मशील व संयमी. चिंचा-आवळ्यांपलीकडेही डोहाळे असतात. विशिष्ट स्थळी जावेसे वाटणे हाही मान्यताप्राप्त डोहाळा होता, हे यावरून स्पष्ट होते.

याचे सर्वांत हृद्य आणि सर्वांत दारुण उदाहरण आपल्याच विदर्भातील कवीने रंगविले आहे. पद्मपूरच्या भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त पहिल्या अंकी अष्टावक्र गुरुजनांचा निरोप घेऊन येतो, की सीतेला जो डोहाळा होईल तो विनाविलंब पुरवावा. जनक मिथिलेस परतल्यामुळे ती उदास आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण रामचरिताची चित्रे रंगविलेली भिंत दाखवावयास नेतो. पूर्णगर्भा सीता चित्रांतून जनस्थान पाहते, पंचवटी पाहते, गोदावरीचा काठ पाहते, आणि ती चित्रे पाहता पाहताच तिला डोहाळा होतो, की त्या प्रसन्न गंभीर वनांतून पुन्हा एकदा हिंडावे आणि भागीरथीत स्नान करावे. राम तत्काळ रथ सिद्ध करावयास सांगतो. मग दुर्मुख नावाचा हेर लोकापवादाची वार्ता आणतो, आणि डोहाळे पुरविण्यासाठी आणलेला तोच रथ परित्यागाच्या कामी येतो. गर्भवती, चित्र आणि रम्य स्थळ ही त्रयी आपल्या साहित्यात बाराशे वर्षांपूर्वी एकत्र आली, ती अशी. कालिदासानेही ‘रघुवंशा’च्या चौदाव्या सर्गात सीतेला गंगातीरीच्या तपोवनांचाच डोहाळा दिला आहे.

इतिहासकाळाकडे वळावे तर गर्भिणीच्या स्थळाची निवड हा काही वेळा थेट राज्यकारभाराचा प्रश्न झालेला दिसतो. धामधुमीच्या दिवसांत जिजाबाईंना शिवनेरीवर ठेवण्यात आले. संभाजीराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. त्याच पुरंदरावर ११७ वर्षांनी दुसरी एक गर्भवती आणण्यात आली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, गंगाबाईंना दिवस गेलेले होते, आणि सखारामबापू बोकील, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी सारी मसलत त्या उदरस्थ वारसावर उभी केली. गंगाबाईंना पुण्यातून हलवून पुरंदरच्या चौक्या-पहाऱ्यांत नेले गेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. किल्ल्यावरून दिसणारा कऱ्हेपठाराचा मुलूख रम्य खरा, पण त्या विधवा मुलीला तेथे काय पाहावेसे वाटत होते हे विचारण्याची सवड त्या दिवसांत कोणाला असावी? १७७७ मध्ये तीही गेली.

पेशव्यांचे पुणे उद्यानांचे शौकीन होते. नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचे पाणी अडवून विस्तीर्ण तळे केले, मध्यभागी बेट राखून त्यावर बाग उठविली, आणि त्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीची स्थापना केली. तीच आजची सारसबाग. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव तळे बुजल्यानंतरही टिकून आहे. म्हणजे भर पुण्यात, चोहोकडून पाण्याने वेढलेले, फुलझाडांनी भरलेले एक बेट होते.

परंतु वाड्यातील सामान्य गृहिणीला दिवस गेले असता अशा स्थळी जाऊन बसण्याची मोकळीक नसे. तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर पडू नये, ग्रहण पाहू नये, निर्जन जागी वा मोठ्या झाडाखाली भर दुपारी थांबू नये, अशा निर्बंधांनी तिचे दिवस बांधलेले असत. त्या निर्बंधांच्या मुळाशी खरीखुरी भीती होती. बाळंतपणात आई वा मूल, कधी दोघेही, जाण्याचा प्रसंग घरोघर येऊन गेलेला असे. आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहा दिवसांत दगावले आणि त्या दुःखातूनच त्यांच्या डॉक्टर होण्याच्या निश्चयाला बळ आले, हे सर्वश्रुत आहे. जी बाहेर जाऊ शकत नाही तिच्यासाठी बाहेरचे जग घरात आणावयाचे, ही युक्ती मराठी स्त्रियांनी काढली, आणि माझ्या मते आपल्या लोकाचारातील ती अत्यंत सुंदर कल्पना आहे.

झोपाळ्यावरचे, बागेतले, नावेतले आणि चांदण्यातले, असे डोहाळजेवणाचे प्रकार त्यातूनच रूढ झाले. माजघराच्या कड्यांना टांगलेला रोजचा झोपाळा झेंडूच्या माळांनी मढवला की पहिला प्रकार सिद्ध झाला. बागेसाठी चौकात केळीचे खुंट बांधावयाचे, आंब्याचे डहाळे, तुळशीवृंदावनाभोवती कुंड्या, आणि मध्ये पाट-रांगोळी. नावेसाठी कामट्यांचा सांगाडा अथवा दोन बाके जोडून त्यांना पुठ्ठ्याची नाळ लावावयाची, खाली निळ्या लुगड्याच्या चुण्यांचे पाणी, त्यावर कमळे. चांदण्यासाठी गच्ची, दुधाची भांडी आणि पांढऱ्या फुलांची चंद्रकोर. हिरवी साडी, हिरवा चुडा आणि फुलांची वाडी ल्यालेली लेक मध्यभागी बसे. वाडी म्हणजे नुसता गजरा नव्हे; मुकुट, बिंदी, बाजूबंद, वाक्या, कंबरपट्टा असा सारा साज मोगरा, निशिगंध, अबोली यांचा, आणि हाती फुलांचेच धनुष्यबाण. फुलांची पहाटेपासून ओवणी चाले. दुपारपर्यंत ती कोमेजू नयेत म्हणून वाडी ओल्या पंचात गुंडाळून ठेवीत. मग पाच सवाष्णी ओटी भरीत, डोहाळे गात, आणि दोन झाकलेल्या वाट्यांपैकी एक उघडावयास लावून पेढा निघाला की बर्फी याचा गलका होई.

यातले काहीही दुसऱ्या दिवशी उरत नसे. ते उरावे ही इच्छा कॅमेऱ्याने पुरी केली, परंतु एकदम नव्हे. छायाचित्राने आयुष्य घटते असा समज होता, गर्भवतीला दृष्ट लागण्याचे भय त्याहून मोठे होते, आणि परक्या पुरुषापुढे त्या अवस्थेत उभे राहणे कुलीनपणात बसत नव्हते. छायाचित्रकाराच्या दालनातही पुन्हा बागच असे, मात्र रंगविलेली : पडद्यावर कमानी, कठडा, दूरवर तळे व हंस, पुढे खरी कुंडी आणि नक्षीदार तिवई. हे पडदे आणि नाटकाचे पडदे एकाच अभिरुचीचे होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले; त्यांतील चौथ्या अंकात आश्रमातील वृक्षवेलींचा निरोप घेणारी शकुंतला गर्भवतीच आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविण्यात मोठे नाव मिळविले. रंगविलेल्या अरण्यापुढे उभी असलेली स्त्री ही प्रतिमा मराठी मध्यमवर्गाच्या नजरेत अशी मुरली.

जुन्या कौटुंबिक अल्बमांत डोहाळजेवणाचे जे छायाचित्र काळ्या पुठ्ठ्यावर चार कोपऱ्यांत अडकवलेले सापडते, ते बहुधा नावेतले किंवा झोपाळ्यावरचे असते. लेक सरळ कॅमेऱ्याकडे पाहत नाही. मान किंचित खाली, हातातील धनुष्य जरा तिरके. पोट पदराने आणि फुलांनी झाकलेले. मागे दारात अर्धवट दिसणारी, चित्रात यावे की नाही या संकोचात अडकलेली एखादी आलवणातील विधवा आजी. तिला पुढे बसण्याचा अधिकार नव्हता, आणि हे त्या चित्रातील फुलांइतकेच सत्य आहे. आपल्या रिवाजांचा गौरव करताना तो अर्धा चेहरा कातरून टाकणे मला मान्य नाही.

बॉक्स कॅमेरे मध्यमवर्गाच्या हाती आले तेव्हा छायाचित्र दालनाबाहेर पडले. बडोद्यास तयार होणाऱ्या आगफा क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बाराच चित्रे निघत, त्यामुळे प्रत्येक स्थळ विचारपूर्वक निवडले जाई : सारसबागेची हिरवळ, बंड गार्डनचा नदीकाठ, एम्प्रेस गार्डनमधील जुन्या वृक्षांची सावली. आता त्यांत २००६ पासून सिंहगड रस्त्यावरचे, जपानमधील ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेले पु. ल. देशपांडे उद्यान आले आहे. मुळशी आली आहे, कोकणचे समुद्रकिनारे आले आहेत, आणि ज्यांना परवडते ती जोडपी त्यासाठी अंदमान-मालदीवपर्यंतही जातात. वाड्यांच्या चौकांत मावत असलेली निळ्या लुगड्याची नाव अखेर खऱ्या पाण्यावर उतरली, याचा मला मनःपूर्वक आनंद आहे. जी स्त्री पूर्वी उंबऱ्याआड होती ती उघड्या आकाशाखाली, आपले पोट न लपविता, ताठ मानेने उभी राहते, यात संस्कृती बुडण्यासारखे काय आहे?

माझी तक्रार आहे ती निराळी. डोहाळजेवणाचा मूळ कायदा असा, की इच्छा तिची आणि धावपळ इतरांची. आज पुष्कळदा स्थळ ठरविते छायाचित्रकाराचे दरपत्रक, नाहीतर मैत्रिणीने कोठे चित्रे काढली होती याची चुरस; आणि आठव्या महिन्यात तिला टेकडीच्या निसरड्या वाटेवर चढविले जाते, ऑक्टोबरच्या उन्हात दोन-दोन तास तिष्ठत ठेवले जाते, बसावयास खुर्ची नाही, जवळ स्वच्छतागृह नाही. पंचात गुंडाळलेल्या वाडीची जेवढी काळजी घेतली जाई तेवढी तरी या जिवाची घेतली पाहिजे. सूर्योदयानंतरचा पहिला तास, सपाट जमीन, दाट सावली आणि घरापासून जवळ, एवढे पाहिले तरी पुण्यात उत्तम स्थळांची वाण नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः होऊ घातलेल्या पित्यांना, माझी विनंती अशी, की स्थळ ठरविण्यापूर्वी तिला विचारावे. ती घरच्या गच्चीचे नाव घेईल तर गच्चीच योग्य समजावी. आणि चित्र हाती आल्यावर त्याची एक प्रत कागदावर काढून मागे स्थळ, तारीख, साल आणि तिला त्या दिवसांत कशाचे डोहाळे लागले होते ते शाईने लिहून ठेवावे. जुन्या अल्बमांतील बहुतेक चित्रांमागे यातले काहीच लिहिलेले नसते.