दाजीपूरचा गवा : बंदुकीपासून कॅमेऱ्यापर्यंत

१/७
पावसाळा ओसरला की कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरच्या जंगलाची वाट पुन्हा खुली होते. सड्यांवर गवत माजलेले असते आणि पहाटेच्या धुक्यात गव्यांचा कळप तेथे चरायला येतो. त्याची वाट पाहत बसलेल्यांच्या हाती आज कॅमेरा असतो. शंभर वर्षांपूर्वी बंदूक असे.

२/७
हे कोल्हापूर संस्थानाचे राखीव शिकारक्षेत्र. राजर्षी शाहू महाराज स्वतः निष्णात शिकारी होते. १९०८ मध्ये राधानगरी वसवून भोगावतीवर धरण बांधण्याचा प्रकल्पही त्यांनीच हाती घेतला.

३/७
त्याच काळात जगात दुसरी वाट फुटत होती. जुलै १९०६ मध्ये जॉर्ज शायरस यांनी टिपलेली वन्यप्राण्यांची ७४ छायाचित्रे 'नॅशनल जिऑग्राफिक'ने छापली. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने जनावरांच्या वाटेवर तार ताणून ठेवण्याची युक्ती वापरली. तारेला धक्का लागताच प्रकाश चमके आणि वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढी. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले.

४/७
कोल्हापूर दरबाराचा आणखी एक लाडका प्राणी होता : चित्ता. चित्तेवान त्याला माणसाळवत आणि काळविटांवर सोडत. पण बंदिवासात चित्त्याची वीण होत नसे, म्हणून प्रत्येक नवा चित्ता रानातूनच पकडावा लागे. भारतीय चित्ते दुर्मीळ झाल्यावर संस्थानाने ते आफ्रिकेतून मागवले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

५/७
दरबार एकच, पण दोन प्राण्यांचे नशीब वेगळे. चित्ता रानातून उचलला गेला, तर गव्याचे रानच राखले गेले. ही राखण गव्यावरील दयेपोटी नव्हती, ती शिकारीच्या हक्कासाठी होती. तरीही तिच्यामुळे जंगल टिकण्यास मदत झाली.

६/७
१९५८ मध्ये दाजीपूर अभयारण्य घोषित झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. गव्याला 'बायसन' म्हणणे मात्र चूक : बायसन अमेरिका व युरोपातला, गवा आपल्याकडचा.

७/७
पूर्वी रान राखले गेले ते दरबाराच्या हौशीसाठी, आज राखले जाते ते सर्वांसाठी. पण गवा उसाच्या फडात शिरतो, तेव्हा नुकसान एकट्या शेतकऱ्याचे होते. धुक्यातल्या कळपाच्या छायाचित्रात तो शेतकरी दिसत नाही. गव्याचा इतिहास लिहिताना त्यालाही जागा द्यावी लागेल.