कात्री, पंच आणि पातं : हाताने केलेल्या शुभेच्छापत्राचा इतिहास

(एकलहरे येथील वसाहतीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, की शुभेच्छापत्राचा कसला आलाय इतिहास? आता तर दिवाळीला सगळं मोबाईलवरच येतं. खरं आहे. तरी हा विषय मी घेतला, कारण माझ्या हातून एक निर्णय झाला आणि तो मला अजून पचलेला नाही. तोच आधी सांगतो.

इथून फार लांब नाही, अशा एका ठिकाणी हस्तकलेची स्पर्धा होती. आम्ही तिघं परीक्षक. एका मुलीचं दिवाळीचं कार्ड समोर आलं. पांढऱ्या कार्डशीटमध्ये कोरून काढलेल्या आपल्या एकलहऱ्याच्या चिमण्या, मागे पिवळा पतंगी कागद, आणि चिमणीच्या टोकाला धुराच्या जागी आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या. खाली ‘आनंदाची दिवाळी’. काम इतकं बारीक होतं, की आमच्यातल्या एकाने विचारलं, हे मशीनने कापलंय का? ती म्हणाली, “कापलं मशीननं, काढलं मी.” आम्ही नियम पाहिला. नियमात एवढंच होतं : ‘वस्तू हाताने केलेली असावी.’ कार्ड बाद झालं. त्या कागदावर माझी सही आहे.

घरी आल्यावर मला प्रश्न पडला, की हाताने केलेलं कार्ड म्हणजे नेमकं काय? इतिहासात असं कार्ड कधी होतं का? आज जे सांगणार आहे, ते त्या शोधातलं आहे.

पहिलं छापील नाताळचं कार्ड १८४३ सालचं, लंडनचं. हेन्री कोल नावाच्या अधिकाऱ्याने ते काढून घेतलं, चित्र जॉन हॉर्सली यांचं. हजारभर प्रती शिळाछापावर काढल्या आणि रंग मात्र हाताने भरले! किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरची. आता हे कार्ड मशीनचं की हाताचं? आमच्या स्पर्धेत ते बसलं असतं का? आणि हे कोलसाहेब कोण, तर तीन वर्षं आधी, १८४० मध्ये, एका पेनीत पत्र कुठेही पोचवणारी जी टपाल योजना आली, तिच्यासाठी झटलेले गृहस्थ. शुभेच्छापत्राचा जन्म कलेइतकाच टपालखात्याच्या घरातही झालेला आहे, हे लक्षात ठेवा. नाशिकरोडशी आपण त्याच धाग्याने जोडलेलो आहोत.

त्याच काळात व्हॅलेंटाइनच्या कार्डांना कागदाची लेस लावायची टूम होती. ही लेस कशी व्हायची? साच्यावर कागद दाबून नक्षी उठवायची आणि वर आलेले उंचवटे घासून काढायचे, की तिथं भोकं पडतात. कात्री लागतच नाही. अमेरिकेत वुस्टर गावात एस्थर हाउलंड नावाची एका स्टेशनरीवाल्याची मुलगी होती. तिने १८४० च्या दशकाच्या अखेरीस अशी इंग्लंडची लेस, रंगीत कागद आणि छापील चित्रं मागवून कार्डं जोडायला सुरुवात केली. पुढे मैत्रिणींना टेबलाभोवती बसवलं आणि कामं वाटून दिली. हाताने केलेल्या कार्डांच्या इतिहासात तिचं नाव मानाने घेतात. पण त्या कार्डातला सर्वांत नाजूक भाग साच्यातून आलेला होता! हाताने होत होतं ते निवडणं, मांडणं आणि चिकटवणं.

आता आपल्याकडे येऊ. १८५२ साली सिंध प्रांतात बार्टल फ्रिअर यांनी टपालाचं तिकीट काढलं. सिंध डाक म्हणतात ते. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या तिकिटावर छपाई अशी नव्हतीच, नक्षी ठशाने उठवलेली होती. कार्ड करणाऱ्या मुली आज ज्याला एम्बॉसिंग म्हणतात, तेच. मग १८५४ मध्ये सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं आली, ती कलकत्त्यात शिळाछापावर छापलेली. त्यांना कडेची भोकं नव्हती. पोस्टात बसलेला बाबू अख्ख्या तावातून एकेक तिकीट कात्रीने कापून द्यायचा. म्हणून त्या काळची तिकिटं कुठे तिरपी, कुठे कडेचं चित्रच उडालेलं, अशी सापडतात. आज हीच वेडीवाकडी तिकिटं संग्राहक मोठ्या किमतीला घेतात, हा भाग वेगळा.

इंग्लंडात हेन्री आर्चर यांनी तिकिटांना छिद्रं पाडायच्या यंत्राची खटपट केली आणि १८५४ पासून तिथं भोकाची तिकिटं रूढ झाली. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. कागद कुठे तुटावा, हे हात ठरवत होता, ते आता यंत्र ठरवायला लागलं. आपली तिकिटं पुढे कित्येक वर्षं लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून यायची. मग नाशिकरोडला प्रेस उभा राहिला, आणि १९२६ पासून इथली छपाई सुरू झाली. इथं बसलेल्यांपैकी काहींचे वडील, आजोबा प्रेसमध्ये असतील. ‘आमचे प्रेसमध्ये आहेत’ म्हटलं, की नाशकात लग्न जमायचं! १९४७ च्या नोव्हेंबरात ‘जय हिंद’ लिहिलेलं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट आलं, तेही याच प्रेसमधून. (गांधीजींची १९४८ ची तिकिटं मात्र स्वित्झर्लंडहून छापून आणली. खादीच्या माणसाची तिकिटं परदेशी. असो.)

मराठी घरातल्या कार्डाची कथा याला लागूनच आहे. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि खुशाली कळवणं स्वस्त झालं. दिवाळीच्या कार्डांचे गठ्ठे, पाकिटाची जीभ न चिकटवता आत खोचायची आणि वर ‘बुक पोस्ट’ लिहायचं, हे तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. पण खास आपलं म्हणावं असं कार्ड दिवाळीचं नव्हे, संक्रांतीचं. छोटंसं कार्ड, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, आणि पाकिटात हलव्याचे चार दाणे. शिक्का मारताना त्यांचा भुगा व्हायचा. तरी लोक पाठवायचे.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण जी कार्डं केली, त्यांचं सामान आठवा : घोटीव कागद, पतंगी कागद, टिकल्या, डिंक नाहीतर घरची खळ. कागदाची घडी घालून कात्रीने पताका कापायच्या, उलगडली की नक्षी. आकाशकंदिलाच्या करंज्या त्याच हातांनी. हे कसब आईकडून मुलीकडे, थोरल्याकडून धाकट्याकडे गेलं. त्याला कोणी कला म्हटलं नाही आणि त्याची नोंदही फारशी कोणी ठेवली नाही.

दुकानातलं कार्ड वेगळ्या वाटेने गेलं. आकार कापलेलं कार्ड किंवा लग्नपत्रिका हवी असेल, तर छापखान्यात डाय करावी लागते. प्लायवूडमध्ये पोलादी पट्टी वाकवून बसवतात आणि ट्रेडल मशीनवर पंचिंग करतात. खिळ्यांची छपाई गेल्यावरही गावोगावची जुनी ट्रेडल मशीनं या पंचिंगवर तगली. पण डायचा खर्च असा, की प्रती भरपूर काढल्या तरच परवडतं. एका माणसासाठी एक कार्ड पंचिंगने होत नाही. हा मुद्दा धरून ठेवा, कारण नव्या यंत्राने मोडलं ते नेमकं हेच.

ते यंत्र आलं कुठून? पेन धरून कागदावर रेघा काढणारे प्लॉटर १९५० च्या दशकाच्या अखेरीस संगणकाला जोडले गेले. दुसरी वाट जोसेफ गर्बर यांची. हा व्हिएन्नाचा ज्यू मुलगा, नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये अमेरिकेत पोचला. विद्यार्थी असताना आलेख मोजायला सोपं जावं म्हणून त्याने चक्क पायजम्याचं इलॅस्टिक काढून त्याची ताणणारी मोजपट्टी केली! पुढे त्याच्या कंपनीने साठच्या दशकाच्या शेवटी कापड आपोआप कापणारं यंत्र आणलं आणि ऐंशीच्या दशकात पाट्यांसाठी विनाइल कापणारं. पेनच्या जागी पातं, एवढाच फरक. अमेरिकेत २००६ मध्ये क्रिकट नावाचं घरगुती यंत्र आलं, ते याच घराण्यातलं. जपानी बनावटीची सिल्हूटही त्याच नात्यातली.

आत दोन मोटारी असतात. एक कागद पुढेमागे सरकवते, दुसरी पातं डावीउजवीकडे नेते. पात्याचं टोक त्याच्या आसापासून किंचित मागे असतं, म्हणून स्ट्रेचरच्या चाकासारखं ते जायच्या दिशेला आपसूक वळतं. कागद एका चिकट चटईवर लावतात. वीज म्हणाल, तर घरच्या मिक्सरपुढे काहीच नाही. दोनशे दहा मेगावॉटच्या तीन संचांच्या गावात ही चिंता कोणी करू नये, पण भारनियमनाचे दिवस आम्ही इथंच काढलेत, म्हणून सांगितलं.

आपल्याकडे मात्र हे यंत्र छंद म्हणून आलं नाही, ते आलं रेडियमच्या दुकानात. एसटी स्टँडजवळ किंवा गॅरेजच्या ओळीत ‘रेडियम कटिंग’ लिहिलेली टपरी असते, तिथला प्लॉटर हाच. तिथं रेडियम नावालाही नसतं, चमकणाऱ्या स्टिकरला आपण ते नाव दिलंय. गाडीवर ‘आईचा आशीर्वाद’, नंबरप्लेटवर आकड्यांतून ‘पापा’ किंवा ‘बॉस’ वाचता येईल अशी कलाकारी, हे सगळं त्याने कापलं. २०१९ पासून नव्या गाड्यांना ठरावीक बनावटीची प्लेट सक्तीची झाली आणि त्या धंद्याला कात्री लागली. त्याच सुमारास, मार्च २०१८ मध्ये, राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. गणपतीचं मखर पुठ्ठ्याचं आणि कागदाचं करावं लागलं. मग त्याच प्लॉटरवर मखराच्या जाळ्या, रुखवताची नावं, बारशाच्या पाट्या आणि अखेर कार्डं कापून मिळू लागली. आमची स्पर्धक मुलगीही अशाच एका दुकानात संध्याकाळी बसून कापून घ्यायची. स्वतःचं यंत्र तिच्याकडे नव्हतं.

आता थोडं देवनागरीबद्दल, कारण इथं मला सर्वांत मजा आली. इंग्रजी शब्द कापला, की सुटी सुटी अक्षरं हातात येतात. मराठी शब्द शिरोरेघेला धरून असतो. ‘शुभेच्छा’ कापा, अख्खा शब्द एका तुकड्यात उचलता येतो, तोरणासारखा. ग, ण, श यांचे काने त्या रेघेनेच सांभाळलेत. पण जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये मात्रा अक्षरावर चढलेली असते. पात्याला ते दोन वेगळे आकार दिसतात आणि जिथं ते एकमेकांवर येतात, तिथंही ते चिरत जातं. म्हणून आकार आधी जोडून एकसंध करावे लागतात. आणि अनुस्वार! तो कशालाच चिकटलेला नसतो. कापला, की टिकलीएवढा ठिपका सुटून चटईवर राहतो. तो चिमट्याने उचलून, डिंकाचा थेंब लावून, जागेवर हातानेच बसवावा लागतो. त्या मुलीच्या ‘आनंदाची’वरचा ठिपका जरासा उजवीकडे कललेला होता. परीक्षक म्हणून मी तो चष्मा लावून पाहिला होता आणि ‘सफाई कमी’ असा शेराही मनात मारला होता. म्हणजे बघा, ज्या एका जागी तिचा हात उघड दिसत होता, तिथं मी गुण कमी केले, आणि नंतर हात नाही म्हणून कार्ड बाद केलं.

हाताविषयीचा हा वाद आपल्याकडे नवा नाही. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं, गांधीजींच्या पुढाकाराने. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हाताने किंवा पायाने खेड्यातल्या झोपडीत चालावं, बाईला आठ तास फार न थकता चालवता यावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण त्यात ‘यंत्र नको’ असं कुठेही नाही. प्रश्न असा होता, की ते कोणाच्या घरात, कोणाच्या ताब्यात असेल. म्हणूनच २०२१ च्या मार्चमधली घटना मला त्या अटींशेजारी ठेवावीशी वाटते. क्रिकट कंपनीने जाहीर केलं, की पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला वीसच नव्या आकृत्या चढवता येतील. यंत्र तुम्ही विकत घेतलेलं, चित्र तुमचं, तरी! लोकांनी इतका ओरडा केला, की कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. हाताने केलेलं म्हणजे काय, हा वाद घालायचाच असेल, तर तो इथं घालावा, असं माझं मत झालंय.

आणखी एक. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात शुभेच्छापत्रं तयार होतात. कुष्ठरोगाने बोटं गेलेली, बोटांतली संवेदना गेलेली माणसं तिथं हातांनी काम करतात. ज्याला कात्रीच्या अंगठीत अंगठा घालता येत नाही, त्याला आमच्या नियमातलं ‘हाताने’ कसं समजावून सांगणार? त्याच्यासमोर कोणी पातं चालवणारं यंत्र ठेवलं आणि त्याने त्यातून स्वतःचं चित्र कापून काढलं, तर आम्ही तेही बाद करणार का? मी बादच केलं असतं, त्या दिवशी.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, मास्तर एकतर्फी बोलले. तयार आकृती नेटवरून उतरवायची, बटण दाबायचं आणि दहा रुपयांचं कार्ड शंभराला ‘हॅन्डमेड’ म्हणून विकायचं, हेही सर्रास चालतं. घडी घालून पताका कापणाऱ्या आजीशेजारी ते ठेवणं हा आजीवर अन्याय आहे. त्या स्पर्धेतला नियम ज्यांनी केला, त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा हेच असावं. त्यांची चूक म्हणत नाही मी. नियम अपुरा होता, आणि अपुऱ्या नियमाचा फायदा संशयिताला न देता आम्ही तो तिच्यावर वापरला.

आयोजकांनी यंदा नियम नव्याने लिहायला मला सांगितलंय. मी दोन ओळी दिल्या आहेत : आकृती स्पर्धकाने स्वतः काढलेली असावी, तिचा कच्चा कागद सोबत जोडावा, आणि कापायला काय वापरलं, ते कार्डाच्या मागे लिहावं, कात्री असो की मशीन. अजून मंजूर व्हायचं आहे. एका परीक्षकांचा विरोध आहे आणि त्यांचे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत.

त्या मुलीला मी पत्र लिहिलं. पोस्टकार्डावरच. तिचं कार्ड अजून माझ्याकडे आहे, परत न्यायला ती आली नाही. इथं टेबलावर ठेवलंय, जाताना बघून जा. हात लावला तरी चालेल, फक्त अनुस्वाराला जपा.