व्हॅनमध्ये डिझेल इंजिन बदलायचंय? आधी हे वाचा

ओतूरजवळ राहणाऱ्या आमच्या एका काकांची जुनी डिझेल व्हॅन आहे. ओझर-लेण्याद्रीच्या यात्रा, लग्नाची वऱ्हाडं, भीमाशंकरच्या ट्रिपा, घर त्याच गाडीवर चालतं. एकदा गाडी गरम झाली, पाणी संपलेलं वेळेत लक्षात आलं नाही आणि इंजिनचा ब्लॉकच तडकला. तीन मिस्त्रींनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला जुनं इंजिन आणून टाकू, दुसरा म्हणाला नवीन मॉडेलचं कॉमन रेल बसवू, तिसरा म्हणाला गाडी भंगारात काढा. काकांनी मला फोन केला, कारण "तू इंजिनीअर आहेस ना!" मी सॉफ्टवेअरवाला, पण अभ्यास करावाच लागला. तो सगळा अभ्यास या लेखात एकत्र दिला आहे.

इंजिन स्वॅप म्हणजे नेमकं काय?

गाडीतलं मूळ इंजिन काढून त्याजागी दुसरं इंजिन बसवणं म्हणजे इंजिन स्वॅप. त्याचे तीन प्रकार समजून घ्या, कारण खर्च, वेळ आणि कायदा तिन्ही यावर ठरतात.

१. इंजिन काम: इंजिन तेच ठेवून बोअर, पिस्टन, रिंग, बेअरिंग, हेडचं काम करणं. हा खरं तर स्वॅप नाही. ब्लॉक तोच राहतो, म्हणून इंजिन नंबरही तोच राहतो.
२. तसंच इंजिन: त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन बसवणं. नंबर बदलतो, बाकी आरसीवरची माहिती तीच राहते.
३. वेगळं इंजिन: दुसऱ्या मॉडेलचं, दुसऱ्या सीसीचं किंवा पेट्रोलच्या जागी डिझेल. इथे नंबर, सीसी, कधी कधी इंधनसुद्धा बदलतं.

वर्कशॉपमध्ये तिन्ही कामं होतात, म्हणून लोकांना ती सारखीच वाटतात. पण आरटीओच्या आणि विमा कंपनीच्या दृष्टीने ही तीन वेगळी कामं आहेत.

मॅटाडोरपासूनचा इतिहास

आपल्या भागात "मॅटाडोर" हा शब्द कोणत्याही मोठ्या व्हॅनसाठी वापरला जायचा. ती गाडी पुण्याच्या आकुर्डीतल्या बजाज टेम्पो कंपनीची. हीच कंपनी आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. १९८० च्या दशकात तिने जर्मनीच्या डायम्लर-बेंझच्या परवान्याने 'ओएम ६१६' हे चार सिलिंडरचं, साधारण २.४ लिटरचं डिझेल इंजिन बनवायला सुरुवात केली. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४०डी या कारमध्ये होतं. १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर आली.

या इंजिनात सगळं मेकॅनिकल होतं. डिझेलचा पंप, नोझल, हिटर प्लग, बस्स. कॉम्प्युटर नाही. म्हणून जुन्या जीप आणि ॲम्बेसेडरमध्येही लोकांनी मॅटाडोरचं इंजिन बसवलं. "काढलं आणि बसवलं" ही मिस्त्री लोकांची सवय त्या काळातली आहे.

आजच्या ट्रॅव्हलरमधलं २.६ लिटरचं इंजिन त्याच घराण्यातलं असलं तरी ते कॉमन रेल आहे. एकाच घराण्यातलं आहे म्हणून ते जुन्या गाडीत सरळ बसेल असं समजू नका.

कॉमन रेल इंजिन बसवणं कठीण का?

जुन्या इंजिनात ॲक्सिलरेटरची केबल थेट पंपाला जोडलेली असते. कॉमन रेलमध्ये पेडलवर सेन्सर असतो. तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो आणि ईसीयू ठरवतो की नोझलने किती डिझेल कधी सोडायचं. रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो.

मोबाइलचं उदाहरण घ्या. एखाद्या ॲपला लोकेशनची परवानगी नाही दिली तर ते सुरूच होत नाही. ईसीयूचंही तसंच आहे. क्रँक सेन्सर, तापमान सेन्सर, पेडल सेन्सर, चावीतलं इमोबिलायझर, यातलं एखादं नसलं की इंजिन सुरू होत नाही किंवा ताकद कमी करून चालतं. म्हणून असं इंजिन घ्यायचंच असेल तर ईसीयू, पूर्ण वायरिंग, चावी आणि पेडल हे सगळं एकाच गाडीतलं घ्या. बीएस ६ गाड्यांमध्ये (१ एप्रिल २०२० पासून) धूर साफ करणारी यंत्रणाही इंजिनचाच भाग असते. ती काढून टाकणं बेकायदेशीर आहे.

बसवताना काय काय जुळावं लागतं?

- फाउंडेशन: इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंटिंग. चेसिसला वेल्डिंग करून जुगाड करू नका.
- बेल हाउसिंग आणि क्लच: इंजिन आणि गिअरबॉक्सचे बोल्ट जुळले पाहिजेत. क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसले पाहिजेत.
- ऑइल चेंबर: खालच्या क्रॉस मेंबरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला घासतो का ते पाहा.
- रेडिएटर: जास्त ताकदीच्या इंजिनला जास्त थंडावा लागतो. काकांची गाडी गरम होऊनच बसली होती, हे विसरू नका. जुना रेडिएटर साफ न करता नवं इंजिन बसवलं तर तेही तसंच जाईल.
- डिझेलची रिटर्न लाइन: पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकताना टाकी, फिल्टर, पाइप सगळंच बदलावं लागतं.
- क्राउन-पिनियन: व्हॅनचं डिझेल इंजिन साधारण ४००० आरपीएमपर्यंतच फिरतं, पेट्रोल त्याहून बरंच जास्त. मागचं हाउसिंग पेट्रोलचंच ठेवलं तर हायवेवर इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: ब्रेक

लोक विचारतात, "घाट चढेल का?" आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. जुन्नरहून कल्याणकडे जाणारी गाडी भरलेली असते आणि ती माळशेज घाट उतरते.

ब्रेक हलका लागावा म्हणून बूस्टर असतो आणि तो व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात हवेच्या मार्गात थ्रॉटलची झडप असते, त्यामुळे व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. डिझेल इंजिनात तो तसा मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक डिझेल इंजिनांत हा पंप अल्टरनेटरच्या मागे असतो. भंगार बाजारातून इंजिन घेताना अल्टरनेटर काढून ठेवलेला असेल, तर पंपही त्याच्याबरोबर गेला असं समजा.

तपासायची सोपी पद्धत: इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर गाडी गॅरेजच्या बाहेर काढू नका.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ याबद्दल आहे. कंपनीने मूळ जी माहिती दिली आणि आरसीवर जी नोंदली गेली, तिच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसारख्या इंधनबदलाला मान्यताप्राप्त किट बसवून परवानगी मिळू शकते. इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. आधी लेखी परवानगी घेऊन मग काम करणं कधीही चांगलं.

बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवड आरटीओमध्ये (एमएच १४) येतात. टूरच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावी लागते, तिथे नंबर जुळला नाही की गाडी अडकते. त्याहून मोठा धोका विम्याचा. अपघात झाला आणि इंजिन आरसीवरचं नाही असं निघालं, तर दावा नाकारायला विमा कंपनीला कारण मिळतं.

मोबाइलवरून करता येतील अशी कामं

१. एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी उघडून इंजिन नंबर, सीसी, इंधन आणि बीएस नॉर्म पाहा.
२. विकत घ्यायच्या इंजिनवरचा कोरलेला नंबर फोटो काढून ठेवा. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर इंजिन घेऊ नका.
३. एनसीआरबीच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर ती गाडी चोरीची नाही ना, हे तपासा.
४. पक्कं बिल घ्या. त्यावर इंजिन नंबर हवाच.
५. इंजिन सुरू करून दाखवायला सांगा आणि व्हिडिओ काढा. ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात धूर येत असेल तर कॉम्प्रेशन गेलेलं आहे.
६. कॉमन रेल इंजिन असेल तर ब्लूटूथ ओबीडी रीडर लावून एरर कोड वाचा. नंतर घाटात पाण्याचं तापमानही त्यावर दिसतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पेट्रोल व्हॅनमध्ये डिझेल इंजिन टाकू का?*
टाकू नका. तांत्रिक काम होईल, पण कागद होणं फार अवघड. पीयूसीही इंधनाप्रमाणे वेगळी होते.

*गाडीवर कर्ज आहे, चालेल का?*
आधी बँकेची लेखी संमती घ्या.

*काम झाल्यावर लगेच ट्रिप घेऊ का?*
नको. आधी रिकामी गाडी नारायणगाव-मंचर हायवेवर चालवा, मग थोडं वजन टाकून बघा, घाट शेवटी. प्रत्येक फेरीनंतर ऑइल, पाणी आणि फाउंडेशनचे बोल्ट तपासा.

मग काकांनी काय केलं?

ब्लॉक तडकल्यामुळे इंजिन काम शक्य नव्हतं. कॉमन रेलचा मोह त्यांनी सोडला. त्याच मॉडेलचं इंजिन बिलासकट घेतलं, रेडिएटर नवा टाकला आणि आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत एकही भाडं घेतलं नाही. यात्रेचा हंगाम थोडा बुडाला. पण आता गाडीत बसणाऱ्या माणसांचा विमा खरा आहे, आणि माळशेज उतरताना काका निर्धास्त असतात.

इंजिन निवडायच्या आधी आरसी उघडा. तुमच्या ओळखीत कोणी व्हॅन चालवत असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.